शेषराव ग्रेडरची गाठ

माझा नातजावई पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीला आला तेव्हा त्यानं पिशवीतून कडक प्लास्टिकची एक चपटी डबी काढली आणि देवाचा अंगारा आणल्यासारखी दोन्ही हातांवर धरून माझ्यापुढं केली. आत लहान पोरांचं एक जुनं चित्रकथेचं पुस्तक होतं. डबीच्या कोपऱ्यात एक आकडा छापलेला. म्हणाला, हा याचा दर्जा, जाणकार माणसं तपासून देतात. मग त्यानं किंमत सांगितली. मी म्हटलं, पुन्हा सांग. पुन्हा सांगितली. तेवढ्यात आमच्याकडं दुभती म्हैस येते.

"उघड बरं," मी म्हटलं. "काय गोष्ट हाये थे तं पाहू."

तो दचकला. "उघडायचं नसतं आजोबा. उघडलं की दर्जा गेला."

"मंग वाचतं कसा?"

"वाचायचं नसतंच."

पुढं तो बराच वेळ समजावून सांगत होता. त्याला वाटत होतं, म्हाताऱ्याला कळत नाही. मला सगळं कळत होतं. हा येडेपणा परदेशातून विमानात बसून आला असं त्याचं म्हणणं. मी हा येडेपणा आमच्या जानेफळात, महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा, धोतर नेसून ओसरीवर बसलेला पाहिला आहे. त्याचं नाव शेषराव ग्रेडर.

माझं शिक्षण चौथीत अडलं. पण शेषरावबद्दल लिहायला तेवढं पुरे. जास्त शिकलेल्यानं लिहिलं तर त्याला मोठा माणूस करून ठेवील.

ग्रेडर हे त्याचं आडनाव नव्हे, धंदा. तालुक्याला एका शेठचं कापसाचं जीन होतं, सरकी काढून रुईच्या गाठी दाबायचा कारखाना. हंगामात शेषराव तिथं माल पाहायला असायचा. बैलगाड्यांची रांग लागलेली असे. शेषराव गाडीला टेकून खांद्यापर्यंत हात कापसात घाली आणि तळातला एक पुंजका ओढून काढी. अंगठा आणि दोन बोटांत धरून धागा ताणी, मग नाकाशी नेई, आणि शेतकऱ्याच्या तोंडाकडं न बघता एकच शब्द टाकी. सुपर, फेअर, फरदड नाहीतर कवडी. सुपर म्हणजे पहिल्या वेचणीचा, पांढराफेक. फेअर म्हणजे चालतो. फरदड म्हणजे झाड दमल्यावर मागाहून निघालेला, आखूड धाग्याचा. आणि कवडी म्हणजे किडक्या बोंडातला, पिवळा, कुबट, फुकट दिला तरी कुणी घेऊ नये असा. वजन वाढावं म्हणून काही लोक कापसावर पाणी मारून आणत. ते शेषरावला गाडी फाटकातून आत येतानाच कळे. नाक होतं त्याला, ते मी नाकारत नाही. त्या नाकामागं जो माणूस होता त्याच्याबद्दल मी बोलतोय.

आमच्याच गल्लीतल्या किसनची गाडी त्यानं एकदा कवडी म्हणून फिरवली. किसन हात जोडून म्हणाला, "शेषरावभाऊ, दुसऱ्या अंगानं वढून पाहा ना. एक पुंजका खराब निघाला म्हून सारी गाडी खराब थोडीच हाये?"

शेषराव म्हणाला, "नमुना तोच माल."

"आवो पन एक डाव..."

"एकदा नापास केलेला माल शेषराव दुसऱ्या डावानं हाती घेत नाई."

किसननं तीच गाडी दुसऱ्या गावच्या जिनात नेली आणि फेअरच्या भावानं देऊन आला. शेषरावच्या कानावर गेलं तेव्हा त्याला जराही वाईट वाटलं नाही. "त्या ग्रेडरले नाक नाई," एवढंच म्हणाला.

पण जीन चालतं ते हंगामात. होळीनंतर फाटकाला कुलूप लागे ते दसऱ्यापर्यंत. ह्या मधल्या दिवसांत शेषरावजवळ नापास करायला काही उरत नसे आणि त्याचा जीव घाबरा होई. मग तो सापडेल त्याला ग्रेड देई. पंगतीत वांग्याची भाजी वाढली की बोटांत दाबून "फेअर" म्हणे. माझं सायकलचं दुकान त्याच्या ओसरीसमोरच होतं. मी लावलेलं पंक्चर तो अंगठ्यानं चाचपे आणि "फरदड" म्हणून पुढं जाई. माझ्या हातचं पंक्चर पुन्हा फुटलं असं सांगणारा माणूस मला आजवर भेटला नाही, पण त्याला कोण समजावणार. पुतण्याला मुलगी पाहायला धाड गावी गेले होते. मुलगी चहा घेऊन आली. शेषरावनं कप घेण्याऐवजी तिच्या लुगड्याचा पदर बोटांत धरला, धागा चोळला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "फरदड." तो म्हणे पदराबद्दल बोलत होता. मुलीच्या मामानं ते ऐकून घेतलं नाही. मंडळी चहा न घेता परत एसटीत बसली.

अशाच एका रिकाम्या उन्हाळ्यात मोटार स्टँडवरच्या पुस्तकवाल्याकडं त्याला 'दर्याचा सर्जा' दिसला. पुण्याच्या एका छापखान्यातून दर महिन्याला हा चित्रकथेचा अंक यायचा. सर्जा नावाचा खलाशी, त्याचं गलबत, वादळं, चाचे असलं काहीतरी. आमच्याकडं दर्या पाहिलेला माणूस नव्हता. पैनगंगेलाच उन्हाळ्यात घोटाबुडी पाणी नसे. तरी पोरंसोरं आणि मोठी माणसंसुद्धा त्या अंकावर पडायची. शेषरावनं अंक उचलला, पण वाचायला नाही. कागद अंगठ्यात धरला, चोळला, वास घेतला आणि त्याचे डोळे चमकले. बारा महिने ग्रेड देता येईल असा माल त्याला सापडला होता.

त्या दिवसापासून तो दर महिन्याचा अंक घ्यायचा आणि जुने अंक गावोगावच्या बाजारातून, रद्दीतून जमवायचा. नियम असे की हात राखेनं धुवायचे. अंक कडेनं धरायचा. दोन अंकांमध्ये कडुनिंबाचा वाळला पाला. आणि पहिला नियम असा की उघडायचा नाही. पानं पुरी आहेत का हे तो कडेवरून अंगठा फिरवून, आवाजावरून ओळखे. माझ्या दुकानातून मी हे रोज पाहायचो. एक दिवस मी विचारलं, "शेषराव, सर्जाचं पुढं काय झालं?"

"मले काय मालूम?"

"एवढे अंक हायेत नं तुयाजवळ."

"कापूस पारखनारा मानूस काय कापूस खाते काय बे?"



बाजाराच्या दिवशी त्याच्या ओसरीवर अंकांचा बाजार भरे. लोक घरातले जुने अंक आणत, शेषराव ग्रेड देई आणि ग्रेडीप्रमाणं अदलाबदल होई. एका सुपरला चार फेअर, एका फेअरला ढीगभर फरदड, कवडीला भाव नाही. माल पास करणारा तो, भाव काढणारा तो, आणि अख्ख्या पंचक्रोशीत घेणारा पण तोच एकटा. असा बाजार मी दुसरा पाहिला नाही. कवडी ठरलेला अंक मालक परत न्यायला लाजे. तो अंक शेषराव मागं न बघता घरात भिरकावी आणि ओरडे, "चुलीत घाल!"

आतून त्याच्या बायकोचा, गोदावहिनीचा आवाज येई, "हाव."

गोदावहिनी दुसरीपर्यंत शिकलेली. नवऱ्याशी ती कधी भांडली नाही. फक्त त्याच्या ताटात भाकर टाकताना विचारायची, "ही कोन्त्या गिरेडीची झाली?" आणि तो खरंच सांगायचा.

एकदा साखरखेर्ड्याचे एक मास्तर गठ्ठा घेऊन आले. वरचा अंक शेषरावनं हातात घेतला, तोलला, म्हणाला, "फेअर." मास्तर खूष झाले. आतलं एक चित्र दाखवावं म्हणून त्यांनी अंक घेतला, बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं.

शेषराव असा ओरडला की माझ्या हातातला पंप पडला. "थुका लावला तुमी!"

"अहो, पानं चिकटली होती."

"चिकटली तं चिकटू द्या! कवडी!"

"आत्ता तर फेअर म्हणाले तुम्ही."

"आत्तापर्यंत फेअरच व्हतं. तुमचं बोट लागलं अन् कवडी झालं. न्या उचलून सारा गठ्ठा."

मास्तरांचा चेहरा उतरला. म्हणाले, "शेषराव, याच अंकांवर मी तिसरीच्या पोरांना वाचायला शिकवलं हो."

"म्हूनच तं ही हालत झाली," शेषराव म्हणाला.

किसननं मागचा दावा साधायचा ठरवला. एक चुरगळलेला अंक त्यानं गावातल्या परटाकडून कोळशाच्या इस्तरीनं कडक करून आणला, वर अत्तराचा बोळा फिरवला आणि ओसरीवर ठेवला. सगळी गल्ली जमा झाली. शेषरावनं अंक उचलला, नाकाशी नेला, पुन्हा नेला.

"किसन्या, इस्तरी मारली बे याले. अन् ज्या इस्तरीनं मारली तिच्याखालून आंदी पाटलाचं कोशाचं रेशमी धोतर गेलं."

परीट मागं उभा होता, त्यानं मान खाली घातली. खरं होतं ते. लोक हसले, किसन पण हसला. शेषराव हसला नाही. "चुलीत घाल!" आतून आवाज आला, "हाव."

दर दिवाळीला तो पुण्याच्या छापखान्याला एक पोस्टकार्ड टाकी. नमस्कार-चमत्कार काही नाही. यंदाचे अंक फेअर. शाई बोटाला लागते. टाचणी वाकडी मारता. सुधारणा करावी. खाली सही, आणि सहीपुढं 'ग्रेडर'. उत्तर कधी आलं नाही. तरी त्याचा एक हेका होता, आणि तो गावाला पाठ झाला होता. त्याच्याजवळ सर्जाचा पहिला अंक होता. स्टँडवरच्या पुस्तकवाल्याकडं गठ्ठ्याच्या तळाशी राहिलेला, कुणाचं बोट न लागलेला, सुपर. शेषराव म्हणे, "पाह्यजा तुमी. एक दिवस पुन्याहून मानूस येईन. ह्या ओसरीवर हात जोडून उभा राहीन अन् म्हनन, शेषरावजी, पहिला अंक दाखवा. तवा तुमचे तोंडं पाह्यतो मी."

गाव हसायचं. चहा पिताना कुणीतरी म्हणायचंच, "शेषरावभाऊ, चारची गाडी आली. पुन्याचा मानूस उतरला का पाहून येता काय?" आणि सांगू का, तो खरंच मान वळवून स्टँडकडं बघायचा. सारी इभ्रत त्या एका माणसावर लावून बसला होता.

मग एका पावसाळ्यात त्याच्या पेटीला वाळवी लागली. पाच-सहा अंक गेले. पहिला अंक तेवढा बचावला. शेषराव दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी उठला तो डोक्यात एक कल्पना घेऊनच. जिनाच्या आवारात त्यानं रुईच्या गाठी वर्षानुवर्षं पडलेल्या पाहिल्या होत्या. प्रेसमध्ये दाबलेल्या, बारदानात शिवलेल्या, लोखंडी पट्ट्या आवळलेल्या. "गाठीत उंदीर शिरत नाई," तो मला सांगत होता, "वाळवी शिरत नाई, पोट्टं शिरत नाई, बायको शिरत नाई." हंगामाच्या शेवटी शेठ माणसांना खूष होऊन काहीबाही देत असे. शेषरावनं मागितलं की झाडून गोळा केलेल्या रुईत माझे अंक घालून एक अर्धी गाठ दाबून द्या. शेठला वाटलं, उन्हाचा परिणाम. पण दिली दाबून.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. शेषराव ग्रेडर होता. ग्रेडरचं राज्य आवारात, गाड्यांपाशी. प्रेसचं काम हमालांचं, धुळीचं, घामाचं. तिकडं जाणं तो कमीपणाचं मानी. गाठ दाबताना तो बाहेर खुर्चीवर पानाचा डबा उघडून बसला होता. आत हमालांनी रोजच्यासारखंच काम केलं. रुई नीट बसावी म्हणून दाबण्याआधी तिच्यावर पाण्याचा हबका मारतात. प्रत्येक गाठीला मारतात. ह्याही गाठीला मारला. त्यांना कुणी नको म्हटलं नव्हतं. हे मला फार मागाहून त्या प्रेसवरच्याच एकानं सांगितलं. जन्मभर कापसावरचं पाणी पकडणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसावं, कारण प्रेसची पायरी त्यानं कधी चढलीच नव्हती.

गाठ बैलगाडीतून वाजतगाजत आली. बारदानावर शेषरावनं स्वतः गेरूनं 'सुपर' लिहिलं. ओसरीत भिंतीला लावून ठेवली. बाजाराच्या दिवशी तो तिच्यावर नीट घोंगडी टाकी, पण कुणाला बसू देत नसे.

तीन-चार वर्षं गेली असतील. उन्हाळ्याचे दिवस. चारची गाडी आली आणि खरोखर तिच्यातून पुण्याचा माणूस उतरला. पांढरा सदरा, काखेत कातडी पिशवी, तोंडावर रुमाल. माझ्या दुकानाशी येऊन विचारलं, "शेषराव ग्रेडर इथंच राहतात का हो?" त्याच्या हातात शेषरावची पोस्टकार्डं होती. मी समोर बोट केलं आणि दुकानाची फळी ओढली. असा दिवस मी दुकानात बसून थोडाच घालवणार होतो!

शेषराव घरात होता. पाहुणा दमलेला होता. ओसरीत टेकायला एकच जागा दिसली, घोंगडी टाकलेली. तो बसला.

शेषराव बाहेर आला आणि दारातूनच ओरडला. "उठा! उठा आंदी! पहिल्या अंकावर बसले तुमी!"

माणूस घाबरून उठला, आणि उठताना नकळत त्याचे हात जोडले गेले. म्हणजे शेषराव म्हणायचा ते शब्दाला शब्द खरं झालं. तोवर ओसरीपुढं निम्मी गल्ली उभी होती. शेषरावनं सगळ्यांकडं एकदा पाहून घेतलं. मी दुसऱ्याच्या तोंडावर इतकं समाधान कधी पाहिलं नाही, आणि ते पाहून मला बरं वाटलं असंही सांगणार नाही.

पुण्याच्या माणसानं सांगितलं ते असं. छापखान्याच्या गोदामाचं छप्पर गळलं. जुने अंक भिजून लगदा झाले. आता सर्जाच्या सगळ्या गोष्टींचं एक पुस्तक काढायचं ठरलंय. बाकीचे अंक इकडून तिकडून मिळाले, पहिला कुठंच मिळत नाही. कुणाला तरी ही पोस्टकार्डं आठवली. "पहिला अंक आहे ना तुमच्याकडे?"

"हाये," शेषराव म्हणाला. "सुपर."

"वा! पहिल्यातच ना तो प्रसंग, सर्जा खडकावर अडकतो तो? की दुसऱ्यात?"

शेषरावनं घोंगडी सरळ केली. माणसानं पुन्हा विचारलं. शेषराव म्हणाला, "थे मी पाह्यलं नाई. माल पाह्यला." माणसाला काही समजलं नाही. मग त्याला गाठ दाखवण्यात आली. ती बघून तर त्याला आणखीच काही समजलं नाही.

मी दुकानातून छिन्नी आणि हातोडा आणला. पट्टीला छिन्नी लावली तेवढ्यात शेषराव म्हणाला, "थांब बे. आंदी नमुना."

खरं तर काय गरज होती? पण हजारो गाड्यांचा नमुना काढलेला हात तो, त्याच्याच्यानं राहवेना. पुण्याच्या माणसाला आपली कला दाखवायची हौसही असेल. तो गाठीपुढं उकिडवा बसला, बारदानाची शिवण बोटानं सैल केली, दोन बोटं आत घातली आणि एक पुंजका ओढून काढला. अंगठ्यानं ताणला. नाकाशी नेला.

मी त्याच्या शेजारीच होतो. त्याचा चेहरा बदलला नाही. फक्त त्यानं दुसऱ्यांदा वास घेतला. कापसाचा वास त्यानं दुसऱ्यांदा घेतलेला मी कधी पाहिला नव्हता.

"पानी मारलं याच्यावर," तो म्हणाला.

पुण्याचा माणूस म्हणाला, "म्हणजे?"

शेषरावनं पुंजका खाली टाकला आणि कुणाच्याही तोंडाकडं न बघता म्हणाला, "कवडी."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग तेही थांबलं. गर्दीतून किसन पुढं आला. मला वाटलं, आता हा सूड घेणार, आणि घ्यावाच असं मला वाटत होतं. पण किसन म्हणाला, "शेषरावभाऊ, दुसऱ्या अंगानं वढून पाहा ना. एक पुंजका खराब निघाला म्हून सारी गाठ खराब थोडीच हाये?"

तो हे टोमण्यानं म्हणाला की खरोखर, ते मला आजही सांगता येत नाही. किसनलाही सांगता आलं नसतं.

"नमुना तोच माल," शेषराव म्हणाला.

पुण्याचा माणूस काकुळतीला आला. अहो, निदान उघडून तर पाहू, मधले अंक चांगले असतील, मी एवढ्या लांबून आलो. मी छिन्नी पुन्हा पट्टीला लावली. शेषरावनं माझं मनगट धरलं. "नापास केलेला माल मी दुसऱ्या डावानं हाती घेत नाई. तुले मालूम नाई काय?" इतका हेकट माणूस! पण एक कबूल करतो. हेकटपणा त्यानं दुसऱ्याच्या मालाला एक आणि स्वतःच्या मालाला दुसरा असा ठेवला नाही.

तेव्हा गोदावहिनी आतून आली. पदराला हात पुसत, पदराखाली काहीतरी धरून. पुण्याच्या माणसापुढं तिनं ते केलं. एक अंक होता. वरचं पान गायब, धुरानं काळा, कडेला हळदीची बोटं, मधे तेलाचा डाग. म्हणाली, "हा चालते काय पाहा. धाडच्या बाजारातून आन्ला व्हता यायनं. मंग कवडी म्हून फेकला."

माणसानं पानं उलटली. एकेक, घाईघाईनं. "सगळी आहेत! अहो, चित्रं सगळी आहेत! वरच्या पानाचा ठसा आहे आमच्याकडं, काही अडत नाही."

"खडकाचं इचारत व्हते नं तुमी," गोदावहिनी म्हणाली, "थे यातच हाये. बापाचं गलबत जाळतेत, अन् हा पवत पवत खडकावर येते. दुसऱ्यात तं त्याले जाळंवाली म्हातारी भेटते."

शेषराव तिच्याकडं बघतच राहिला. "चुलीत घाल म्हनलं व्हतं मी."

"मी हाव म्हनलं व्हतं," ती म्हणाली. "घातलं म्हनलं नव्हतं. चुलीपाशीच व्हते सारे. भाकरी थापता थापता वाचले."

सारे म्हणजे ओसरीवरून आजवर भिरकावलेले सगळे. फडताळात, पिठाच्या डब्यामागं, कळकट, फाटके, एकेक अंक पाच-पाच वेळा वाचलेला. ह्याच्या घरात खरा साठा तिच्याजवळ होता आणि हा बाहेर गाठीवर घोंगडी टाकून बसला होता.

पुण्याच्या माणसानं तिला विचारलं, याबद्दल काय देऊ? ती म्हणाली, "छापलं की एक पुस्तक धाडा. माया नावानं. यायच्या नाई."

पुस्तक आलं ते बऱ्याच महिन्यांनी, टपालानं, जाड पुठ्ठ्याचं. पोस्टमननं 'गोदाबाई' अशी हाक मारली तेव्हा शेषरावच उठला, सवयीनं. पुस्तक कडेनं धरलं, अंगठा फिरवला, वास घेतला. गाठीच्या दिवसापासून त्यानं कशालाच ग्रेड दिली नव्हती. माझी पंक्चरंसुद्धा चाचपणं सोडलं होतं. तो म्हणाला, "फेअर. कागद हलका हाये."

गोदावहिनीनं दारातूनच विचारलं, "मंग चुलीत घालू काय?"

त्यानं मुकाट्यानं पुस्तक तिच्या हातात दिलं. तिनं ते तिथंच उघडलं, उलटं मागं दुमडलं, पुठ्ठा कडकन वाजला. शेषरावनं डोळे मिटून घेतले.

गाठ तिथंच राहिली. बारदानावरच्या 'सुपर'वर त्यानं गेरूनंच काट मारली होती. पुढच्या हंगामाला शेठनं बोलावणं धाडलं तरी तो जिनात गेला नाही. म्हणाला, नाक बसलं. मला ते खरं वाटत नाही. त्याचं नाक चांगलं होतं, आणि त्याची अडचण तीच होती. नंतर दोनेक वर्षांत तो गेला. आजारपण थोडंच झालं.

मला आठवतो तो त्याआधीचा. उन्हं उतरायला आली होती. मी सायकलचं चाक फिरवून आरा बसवत होतो. समोर शेषराव गाठीवर बसला होता, घोंगडीशिवाय, पाय सोडून. मांडीवर एक अंक. पाठीला धूर लागलेला, म्हणजे चुलीजवळच्या साठ्यातला. तो बोट अक्षरांखालून सरकवत होता, ओठ हलत होते, मधेच थांबून चित्राकडं बघत होता. बराच वेळ त्याच पानावर होता. मग पान उलटायला गेला तर पानं चिकटलेली. तेल लागलं असेल, नाहीतर हळद. त्यानं एकदा ओढून पाहिलं. निघेना. घराकडं पाहिलं, स्टँडकडं पाहिलं.

मग बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं.

तेवढ्यात मी बघतोय हे त्याला दिसलं. "काय पाह्यतं बे?" तो ओरडला. "कवडी माल हाये हा. याले चालते." आणि पुन्हा वाकून वाचू लागला.